भूखंड जिथे फाटला : मुंबईतले चार दिवस

वाईच्या माणसाला डोंगराचे थर आडवेच माहीत असतात. पाचगणीचं टेबललँड बघा, पांडवगड बघा, दुरडीत रचलेल्या भाकऱ्यांसारखे एकावर एक, सपाट. मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर गोंडवनाचा नकाशा काढते : आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि त्यांच्या कुशीत मादागास्कर आणि भारत. मग भारत पुसून थोडा वर काढायचा, पुन्हा पुसायचा, अजून वर, असं करत आशियाला नेऊन टेकवायचा. यंदा आठवीतल्या माझ्याच लेकीनं वर्गात हात वर केला. "फाटलं ती कड कुठे आहे? दिसते का?"

पश्चिम किनाऱ्याला फाटलं, हे उत्तर मला पाठ होतं. कड मी पाहिली नव्हती. मुलुंडला मामा राहतात. संक्रांत झाल्यावर चार दिवसांची रजा टाकली आणि आम्ही मायलेकी निघालो.

पहिला दिवस : मुंब्र्याचे कललेले थर आणि गिल्बर्ट हिल

पुण्याहून सकाळची गाडी धरली, कल्याणला उतरलो आणि मुद्दाम स्लो लोकल घेतली. खंडाळ्याच्या घाटात कडे जसेच्या तसे, आमच्याकडचेच. नेरळहून दिसणारं माथेरानही वरून पाटासारखं सपाट. पण दिवा सोडून मुंब्रा यायला लागलं तशी लेक खिडकीकडे सरकली. पारसिकच्या डोंगरातले थर आडवे नव्हते. पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे, उतरते होते. भाकऱ्यांच्या दुरडीखालून एका बाजूचा पाट काढून घ्यावा तसे.

याला भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर म्हणतात. सह्याद्रीत आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात वाकतात आणि पुढे मुंबईभर समुद्राकडे कलतात. भूखंड ताणला गेला, त्याची बाजू खचली, त्याची ही खूण. लाखो लोक रोज दारात लोंबकळत तिथून जातात. मी स्वतः कितीतरी वेळा गेले असेन. बघायचं कशाकडे हे ठाऊक नसलं की डोंगर नुसता डोंगर असतो.

(जाणाऱ्यांसाठी : मुंबईकडे येताना डाव्या हाताची खिडकी धरा आणि गर्दीची वेळ टाळा. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की थर स्वच्छ दिसतात, म्हणून डिसेंबर ते मे बरा.)

मामींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी करून ठेवली होती. "आधी जेवा, दगड कुठे पळून जात नाहीत," म्हणाल्या. जेवून मामांसकट निघालो, घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरी पश्चिम. तिथून गल्ल्यागल्ल्यांतून चालत, दोनदा विचारत, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी.

६१ मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा, एकच सुळका. घरं त्याला अगदी खेटून. एका घराच्या कपडे वाळत घालायच्या दोरीमागे थेट कातळाची भिंत सुरू होते. ही भिंत सलग नाही. उभ्या, कोनदार खांबांची जुडी आहे, पाच बाजूंचे, सहा बाजूंचे खांब, एकमेकांना चिकटून वरपर्यंत गेलेले. लेकीनं दोन खांबांमधल्या फटीत बोट घातलं. नख जेमतेम आत गेलं.

असं का होतं ते तिला तळ्याच्या चिखलावरून सांगितलं. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखल आकसतो आणि त्याला कोनदार भेगा पडतात. लाव्हाही थंड होताना आकसतो. वरून आणि खालून भेगा सुरू होतात आणि थंडावा जसजसा आत शिरतो तशा त्या आत सरकतात. म्हणून हे खांब. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर याच जातीचा, आणि तो बघायला लोक विमानानं जातात.

वर गावदेवीचं मंदिर आहे. पायऱ्या चढताना देवळाकडे निघालेल्या एक आजी भेटल्या, इथेच वाढलेल्या. "आम्ही लहान होतो तेव्हा चहूबाजूंनी डोंगर होता," त्या म्हणाल्या. "सुरुंग लागायचा तेव्हा फळीवरची भांडी वाजायची. फोडत फोडत आणलं आणि हा एवढा देवीमुळे राहिला." १९५२ मध्ये केंद्र सरकारनं या खडकाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला आणि २००७ मध्ये महापालिकेनं त्याला श्रेणी दोनची वारसावास्तू ठरवलं. तरी मला आजींचं कारण जास्त खरं वाटतं.

वरून पश्चिमेला समुद्र दिसायला हवा होता. दिसला धुरकट पडदा. जानेवारीत सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा फिरला की हवा मोकळी होते. तो फिरायला उशीर झाला की सगळी धूळ शहरावरच बसून राहते. त्या दिवशी चार वाजले तरी वारा फिरला नव्हता.

दुसरा दिवस : कान्हेरी

पहाटे मुलुंडला चांगलीच थंडी होती. मामांनी मफलर काढला. मुंबईत थंडी नसते म्हणणाऱ्यांसाठी : २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय.

मुलुंडच्या गच्चीतून जो डोंगर दिसतो त्याच्याच पलीकडे कान्हेरी, पण जायचं बोरिवलीला वळसा घालून. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बस मिळते. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. पाणी बरोबर घ्या आणि खायचं हातात धरू नका. माकडांनी आमच्यासमोर एका मुलाच्या हातातली अख्खी वेफरची पिशवी नेली. लेण्यांच्या वाटेवर आदिवासी बायका बोरं, आवळे, काकड्या घेऊन बसलेल्या असतात. आम्ही बोरं घेतली. आंबटगोड, बारीक बियांची. बाजारातल्या फुगीर बोरांना ही चव येत नाही.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, सुमारे हजार वर्षं कोरत गेलेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्ध उभे आहेत, सात मीटरच्या आसपास. तिथे सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो. पण मी लेकीला भिंतीजवळ नेलं. गिल्बर्ट हिलचा कातळ एकसंध काळा होता आणि हा तसा नव्हता. यात वेगवेगळ्या रंगांचे खडे रुतलेले दिसतात, चिक्कीतल्या दाण्यांसारखे. ज्वालामुखीच्या स्फोटात फुटलेले तुकडे राखेत बसून त्यांचा पुन्हा दगड झाला, तो ब्रेशिया. म्हणजे मुंबईत लाव्हा नुसता शांतपणे पसरला नाही, इथे स्फोटही झाले.

आणखी एक गोष्ट मला इथे येईपर्यंत नीट उमगली नव्हती. दख्खनचा बहुतेक लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला, भूशास्त्राच्या हिशेबानं फार थोड्या काळात ओतला गेला. पण मुंबईच्या पश्चिमेकडचे काही खडक त्याहून काही दशलक्ष वर्षांनी तरुण निघालेत. आमच्या सह्याद्रीचं काम उरकल्यावरही इथे, फाटत्या कडेवर, आग चालूच होती.

सेशेल्स हा आज हिंदी महासागरात असलेला बेटांचा समूह भारतापासून सुटला तो याच काळात, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी. मादागास्कर त्याच्याही आधी सुटलं होतं, ८.८ कोटी वर्षांच्या आसपास. दख्खनवर लाव्हा ओतणारी आग आज कुठे आहे? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते मादागास्करच्या पूर्वेला रीयुनियन बेटाखाली. तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. भारत तिच्यावरून उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप-मालदीवच्या पाण्याखालच्या रांगेचा माग राहिला.

लेण्यांत मी सर्वात जास्त वेळ घालवला तो पाण्याच्या टाक्यांपाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात एक टाकं आहे. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. कातळावर बोटभर रुंदीचे पाट कोरून पावसाचं पाणी त्यांत उतरवलंय. एका टाक्यात मी हात घातला. शेवटचा पाऊस होऊन तीन महिने उलटले होते आणि पाणी कोपरापर्यंत होतं, गार. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं, या हवामानात डोंगरमाथ्यावर माणसं वस्ती करून राहिली ती या पाटांच्या जोरावर.

याच डोंगररांगेत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. विहार आणि पवई भरून वाहिले की त्यांच्या सांडव्याची मिठी नदी होते आणि माहीमला समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहरात! मामी त्या रात्री कुर्ल्याहून रुळांवरून चालत मुलुंडला आल्या होत्या. त्या हे सांगताना आवाज चढवत नाहीत. "गुडघ्यापर्यंत होतं, मग कमरेपर्यंत आलं, मग एका बाईचा हात धरला," एवढंच.

तिसरा दिवस : खाडी, मीठ आणि तिथीचं गणित

आज गडबड झाली. ऐरोलीच्या केंद्रातून ठाणे खाडीत रोहित पक्षी बघायला बोट जाते. सकाळची कोवळी उन्हं बरी म्हणून साडेनऊला पोहोचलो, तर समोर पाणीच नाही. नुसता करडा चिखल, लांबपर्यंत. बोट दुपारनंतर सुटणार होती. मी भूगोलाची बाई, भरती-ओहोटी शिकवते आणि वेळ बघायचं राहून गेलं, याचं वाईट वाटलं.

मामांचे एक जुने शेजारी कोळी आहेत. मामांनी त्यांना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, "आज पंचमी ना? पाचाची पाऊणपट कर." पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. तिथीला पाऊणनं गुणलं की मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ निघते, कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, आणि ५० मिनिटं म्हणजे तासाच्या पाऊणाहून जराच जास्त. भरतीच्या आधी सहा तास ओहोटी, म्हणजे पावणेदहा. आम्ही नेमके तेव्हाच चिखलासमोर उभे! फळ्यावर मी हे चंद्र-सूर्याच्या आकृत्या काढून शिकवते. यापुढे पंचांग घेऊन शिकवीन.

(ऐरोलीला जाणाऱ्यांसाठी : नोव्हेंबर ते मे हा हंगाम. आधी भरतीची वेळ काढा, मग बोटीची वेळ फोन करून पक्की करा. टोपी आणि दुर्बीण घ्या. रंग भडक घालू नका.)

मधल्या वेळात मामांनी आम्हाला मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांच्या बाजूला नेलं. बरीच आता बंद पडलीत, बांध तेवढे राहिलेत. तिथे पूर्वी काम केलेले एक आगरी आजोबा भेटले. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं, शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरतं. "पहिला पाऊस पडला की खेळ खलास," ते म्हणाले. "म्हणून आमचं वर्ष जूनला संपायचं, मार्चला नाही." बांधावरचा एक पांढरा खडा उचलून त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवला. चौकोनी, कडा इतक्या सरळ की पट्टीनं आखल्यासारख्या. तिनं जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. साध्या मिठापेक्षा हे कडवट लागतं, समुद्रातले बाकीचे क्षारही थोडे त्यात असतात म्हणून.

तीनला परत ऐरोली. यावेळी पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत चढलेलं. ही मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर उभी असतात. चिखलात हवा नाही, म्हणून झाड वरून श्वास घेतं. बोट निघाली आणि वळण घेतल्यावर नावाड्यानं इंजिन बंद केलं. समोर गुलाबी पट्टा होता. आधी लेकीला ती फुलं वाटली. मग पट्टा हलला आणि हजारो पक्ष्यांचा बारीक, बदकांसारखा आवाज पाण्यावरून आला. चोच उलटी करून पाणी गाळत सगळे एका दिशेनं चालत होते.

यांत लहान रोहित पुष्कळ असतात. त्यांची जगातली सर्वात मोठी वीण टांझानियातल्या नॅट्रॉन सरोवरात होते, आपल्याकडे कच्छच्या रणात. नॅट्रॉन पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत आहे, जिथे आफ्रिका आजच्या घडीला फाटतेय. लेक म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे झालं ते तिथे आत्ता चाललंय?" हो, तेच. रोहितांना त्याचं काय, त्यांना खारं उथळ पाणी हवं असतं. पण मला त्या चिखलात बसून फार बरं वाटलं. २०२२ मध्ये या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळालाय. तो कागदावरून चिखलावर उतरावा, खाडीत अजून भराव पडू नये, असं मनापासून वाटतं.

चौथा दिवस : पिवळा दगड, वरळी आणि मामांची कड

शेवटचा दिवस दक्षिण मुंबईचा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बऱ्याच वस्तू आम्ही भरभर पाहिल्या, कारण मला इमारतीचीच भिंत बघायची होती. करडा दगड कुर्ल्याचा बसाल्ट, पिवळट दगड मालाडचा ट्रॅकाइट. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगडही मालाडजवळच्या खारोडीचा, असं सांगतात. दोन्हींचा वास्तुकार एकच, जॉर्ज विटेट. मालाडच्या दगडाला हात लावा : बसाल्टपेक्षा रंग फिका आणि स्पर्श खरखरीत. यात सिलिका जास्त, म्हणून रंग उजळ. मघाशी म्हटलं ती फाटत्या कडेवरची उशिराची आग, तिचा हा दगड. परदेशी पाहुणे गेटवेसमोर फोटो काढत होते आणि मला प्रत्येकाला थांबवून हे सांगावंसं वाटत होतं.

दुपारी गिरगावात साबुदाणा वडा आणि पीयूष. मग वरळी. वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले होते. इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं १८४७ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. पुढे त्यांना इंडोबॅट्रेकस असं नाव मिळालं. म्हणजे लाव्हाचा एक लोंढा थंडावला, त्यावर गोड्या पाण्याची दलदल झाली, बेडूक आले, आणि मग पुढचा लोंढा आला. टेकडीवर आज इमारती उभ्या आहेत, बघायला काही नाही. तरी आम्ही वळणावर पाच मिनिटं उभ्या राहिलो.

संध्याकाळी वरळी सीफेस. वारा आज वेळेवर फिरला होता आणि समुद्र लख्ख दिसत होता. कठड्यावर बसून लेकीनं तोच प्रश्न पुन्हा काढला. "मग कड हीच ना? इथे पाणी सुरू होतं तिथे?"

मी सांगायला लागले की किनारा ही भूखंडाची कड नव्हे. जमीन पाण्याखाली पुढे जाते, तो भूखंडमंच. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मुंबईसमोर सर्वात रुंद, सुमारे ३०० किलोमीटर, आणि त्याच्या पलीकडे खरा उतार. एवढ्यात मामा बोलले. चार दिवस ते आमच्या मागून शांतपणे फिरत होते.

"मी तिथेच होतो की. अर्ध्या वाटेवर."

मामांची सगळी नोकरी समुद्रातल्या तेलक्षेत्रावर गेली. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टर. १९७४ मध्ये सागरसम्राट या ड्रिलिंग रिगनं किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर भोक पाडलं आणि तेल लागलं, ते बॉम्बे हाय. मामा आजही 'हाय'च म्हणतात. पाणी तिथे ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे भूखंडमंचच. "वरून पाइप सोडला की आधी गाळ, मग चुनखडक. तेल चुनखडकात. चुनखडक कसा आला कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही."

मला एकदम सगळं जुळलं. भूखंड ताणला गेला तेव्हा खचलेल्या खोलगट भागांत गाळ साठला, त्यातल्या जैविक अंशाचं पुढे तेल झालं. वर उबदार उथळ समुद्र आला आणि त्यात शंखशिंपल्यांचा, सूक्ष्म जिवांचा चुना साचून खडक झाला. तेल त्याच्या छिद्रांत चढलं. मुंब्र्याचे थर ज्यानं कलले, त्यानंच मामांना नोकरी दिली! हे बोलून दाखवल्यावर मामा कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, "मे संपत आला की आकाश निळं असतानाच नैऋत्येकडून लांब लांब लाटा यायच्या. ढग मागून. आम्ही समजायचो, आता येतोय."

तो येतो तो थेट विषुववृत्ताच्या पलीकडून. मादागास्करच्या पूर्वेकडच्या जादा दाबाच्या प्रदेशातून निघालेला वारा आफ्रिकेच्या पूर्वेकडल्या डोंगराळ उंचवट्याला अडतो, त्याच्या कडेनं उत्तरेला वळतो आणि सोमालियावरून अरबी समुद्रात झेप घेतो. फिंडलेटर नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये या वाऱ्याच्या झोताची नीट मांडणी केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो मुंबईत पोहोचतो, पुढे सह्याद्रीला धडकतो आणि महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरवर पाऊस ओततो. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या आमच्या वाईला मात्र त्याचा लहानसा वाटा. मादागास्कर आपल्यापासून सुटून कोट्यवधी वर्षं झाली, तरी आपलं पाणी त्याच्या दारावरून येतं.

सेशेल्स त्या कठड्यावरून नैऋत्येला, तीन हजार किलोमीटरांहून लांब. लेकीनं हात लांब करून दिशा विचारली. मामांनी तिचं मनगट धरून थोडं डावीकडे वळवलं.

परतीच्या गाडीत मामींनी दिलेल्या सुक्या बोंबलांचा वास सगळ्या डब्यात पसरला. समोरच्या काकूंनी विचारलं, "कुठून घेतले?" मुंब्र्याला लेकीनं खिडकीतून बोट दाखवून काकूंना डोंगर दाखवला, "ते बघा, वाकडे आहेत." काकूंनी चष्मा लावला. कर्जतनंतर घाट सुरू झाला आणि संधिप्रकाशात कड्यांच्या रेघा पुन्हा आडव्या झाल्या.